उपकेंद्राच्या उंबरठ्यावरचे संशोधन
बेळगावच्या जेएनएमसीतील महिला व बाल आरोग्य संशोधनाची पंचवीस वर्षे

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेला खानापूरचे दाट जंगल आणि पावसाळ्यात तुटणाऱ्या वाटा. उत्तरेला अथणी-रायबागचा कृष्णाकाठ, उसाचे मळे आणि त्यांच्या पलीकडे कोरडवाहू माळ. एका घरात कन्नड, शेजारच्या घरात मराठी आणि बाजारात दोन्ही. या जिल्ह्यातल्या खेड्यापाड्यांतील गरोदर स्त्रिया, बाळंतिणी आणि नवजात बालके यांच्यासाठी कोणता उपाय खरोखर उपयोगी पडतो, याचा शास्त्रशुद्ध शोध केएलई विद्यापीठाच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजात, म्हणजे बेळगावकरांच्या जेएनएमसीत, गेली पंचवीस वर्षे चालू आहे. इथे तपासलेले उपाय जगभरच्या मार्गदर्शिकांत पोहोचले. काही उपाय इथेच अपुरे ठरले आणि तेही तितक्याच स्पष्टपणे जगाला सांगितले गेले. त्या वाटचालीचा हा आढावा.

पायाभरणी : १९१६ ते २०००

१३ नोव्हेंबर १९१६ रोजी बेळगावात सात तरुण शिक्षकांनी एक शाळा सुरू केली. पुढे केएलई सोसायटी या नावाने उत्तर कर्नाटकभर पसरलेल्या शिक्षणसंस्थेचा तो आरंभ. या सात संस्थापकांना संस्थेत आजही 'सप्तर्षी' म्हणतात. शाळांमागून महाविद्यालये आली आणि १९६३ मध्ये वैद्यकीय महाविद्यालय उभे राहिले. सुरुवातीला विद्यार्थ्यांचे रुग्णशय्येजवळचे शिक्षण शहरातल्या सरकारी जिल्हा रुग्णालयात होत असे. सिव्हिलचा प्रसूतिकक्ष हीच प्रसूतिशास्त्राच्या कित्येक पिढ्यांची पहिली शाळा.

त्या काळात खेड्यातले बाळंतपण बहुधा घरातच होई. अडलेली किंवा अंगावरून अतोनात रक्त गेलेली बाई शहरात पोहोचेपर्यंत वेळ टळून गेलेली असे. मूल जन्मल्यावर वार पडते आणि गर्भाशय आकुंचन पावून रक्तवाहिन्यांची तोंडे आवळते. हे आकुंचन झाले नाही, तर धडधाकट स्त्रीसुद्धा दोन-तीन तासांत दगावू शकते. आपल्याकडची स्त्री तर अनेकदा मुळातच रक्तक्षयाने खंगलेली. शहरातल्या बाईला सोसेल एवढा रक्तस्राव तिला सोसत नाही.

यावर ऑक्सिटोसिन हे उत्तम औषध होते. पण ते इंजेक्शनने द्यावे लागते आणि २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. दिवसातून काही तासच वीज असलेल्या उपकेंद्रात फ्रीज कुठला? शिवाय बाळंतपणाला हजर असणाऱ्या एएनएमला, म्हणजे गावच्या नर्सबाईला, त्या वेळच्या नियमांनुसार हे इंजेक्शन देण्याची मुभाही नव्हती. औषध होते, ते द्यायची रीत ठाऊक होती, पण ज्या घरात ते हवे होते तिथवर ते पोहोचत नव्हते. जेएनएमसीच्या महिला व बाल आरोग्य संशोधन केंद्राच्या कामाचा उगम या अडचणीत आहे.

२००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या पुढाकाराने आणि बिल व मेलिंडा गेट्स फाउंडेशनच्या साहाय्याने 'ग्लोबल नेटवर्क' हे महिला व बाल आरोग्य संशोधनाचे जाळे विणले गेले. एक अमेरिकी विद्यापीठ आणि विकसनशील देशातली एक संस्था यांची जोडी, अशी त्याची रचना होती. मिसूरी-कॅन्सस सिटी विद्यापीठ आणि जेएनएमसी ही त्यांतली एक जोडी.

पहिले दशक : २००१ ते २०१०

अमेरिकेच्या बाजूने डॉ. रिचर्ड डर्मन आणि शिकागोच्या इलिनॉय विद्यापीठातल्या डॉ. स्टेसी गेलर पुढे होत्या. बेळगावच्या बाजूने डॉ. भालचंद्र कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर, डॉ. मृत्युंजय बेल्लद, डॉ. विजया नाईक, डॉ. शोभना पट्टेद आणि त्यांचे सहकारी उभे राहिले. प्रसूतिशास्त्र आणि समाजवैद्यकशास्त्र या विभागांतली मंडळी एका टेबलाभोवती बसू लागली. पुढे बालरोगशास्त्राची साथ मिळाली आणि त्यात डॉ. संगप्पा धडेद यांचा वाटा मोठा राहिला. नव्या कामात मतभेद व्हायचेच, तसे इथेही झाले. पण ते कामाच्या आड आले नाहीत, असे त्या वेळचे सहकारी सांगतात.

पहिला प्रश्न ठरला : पोटातल्या अल्सरवरचे मिसोप्रोस्टॉल हे औषध गर्भाशयही आकुंचित करते, त्याची गोळी असते आणि तिला फ्रीज लागत नाही. मग ही गोळी गावच्या नर्सबाईने दिली तर रक्तस्राव कमी होईल का?

त्याआधी आणखी एक प्रश्न सोडवावा लागला. रक्त किती गेले, हे मोजायचे कसे? गोधडीत जिरलेले, जमिनीवर सांडलेले, कपड्यांनी टिपलेले रक्त नजरेने अंदाजायचे हीच रूढ पद्धत होती. त्यासाठी या संशोधकांनी एक साधी वस्तू बनवली. बाळंतिणीच्या कमरेखाली अंथरायचा प्लास्टिकचा कापडवजा तुकडा, कमरेला बांधायला त्याच्या बंदांची गाठ आणि खालच्या टोकाला नरसाळ्यासारखी निमुळती, मिलिलिटरच्या खुणा असलेली थैली. मूल जन्मले आणि गर्भजल वाहून गेले, की हा ड्रेप अंथरायचा. रक्त आपोआप थैलीत उतरते आणि खुणेवर नजर टाकली की आकडा कळतो. तयार करणाऱ्यांच्या नावांतली आद्याक्षरे जोडून त्याला 'ब्रास-व्ही ड्रेप' असे नाव मिळाले. एकाचे श्रेय न राहता सगळ्यांचे राहावे, हा त्यामागचा भाव.

ड्रेपची परीक्षा बेळगावच्या जिल्हा रुग्णालयात झाली. नजरेने केलेला अंदाज ड्रेपच्या मोजणीपेक्षा ३३ टक्क्यांनी कमी भरला. अनुभवी डोळेसुद्धा एक-तृतीयांश रक्त हिशेबात धरत नव्हते.

सप्टेंबर २००२ मध्ये मुख्य चाचणी सुरू झाली. जिल्ह्यातल्या चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या हद्दीतली गावे, २५ एएनएम आणि घरी किंवा उपकेंद्रात बाळंत होणाऱ्या १,६२० स्त्रिया. नाळ कापल्यावर पाच मिनिटांच्या आत नर्सबाई बंद पाकीट फोडून गोळ्या देत असे. निम्म्या पाकिटांत ६०० मायक्रोग्रॅम मिसोप्रोस्टॉल होते आणि उरलेल्या निम्म्यांत तशाच दिसणाऱ्या, औषध नसलेल्या गोळ्या. कोणत्या पाकिटात काय आहे, हे देणारीलाही ठाऊक नव्हते आणि घेणारीलाही. मग तासभर ड्रेप जागचा हलवायचा नाही. रक्तस्राव चालूच राहिला, तर दोन तास मोजणी करायची.

निम्म्या स्त्रियांना औषध नसलेली गोळी देणे न्याय्य आहे का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. त्या गावांत त्या वेळी एएनएमच्या हाती रक्तस्राव रोखणारे कोणतेच औषध नव्हते. त्यामुळे मिळणारी सेवा काढून घेऊन कोणालाही चाचणीत ओढले जात नव्हते. उलट प्रत्येक बाळंतिणीजवळ एक प्रशिक्षित कर्मचारी रक्त मोजत बसत होती आणि गरज पडल्यास रुग्णालयात हलवण्याची सोय होती.

डिसेंबर २००५ मध्ये चाचणी पूर्ण झाली आणि ७ ऑक्टोबर २००६ च्या 'द लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष छापून आले. औषध नसलेल्या गटात १२ टक्के स्त्रियांना ५०० मिलिलिटर किंवा त्याहून जास्त रक्तस्राव झाला, तर मिसोप्रोस्टॉल घेतलेल्या गटात ६.४ टक्के स्त्रियांना. एक लिटर किंवा त्याहून जास्त रक्त जाण्याचे प्रमाण १.२ टक्क्यांऐवजी ०.२ टक्के भरले. दर १८ स्त्रियांना गोळी दिली, की एकीचा अतिरक्तस्राव टळतो, असा हिशेब निघाला. हुडहुडी भरणे आणि थोडा ताप हे त्रास औषधाच्या गटात जास्त होते, पण ते तात्पुरते. त्याच वर्षी महाविद्यालय नव्या अभिमत केएलई विद्यापीठाचा भाग झाले.

दशकाच्या उत्तरार्धात लक्ष बाळाकडे वळले. ग्लोबल नेटवर्कच्या सहा देशांतल्या 'फर्स्ट ब्रेथ' या अभ्यासात बेळगाव होते. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला पुसून कोरडे करणे, पाठ चोळणे आणि लागल्यास पिशवी-मुखवट्याने श्वास देणे यांचे शिक्षण दाई, नर्स आणि डॉक्टरांना देण्यात आले. २०१० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये निकाल आला. पहिल्या सात दिवसांतल्या मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. मात्र मृतजन्मांचे प्रमाण दर हजारी २३ वरून १५.९ वर आले.

याचा उलगडा प्रसूतीच्या खाटेजवळ उभे राहिल्यावरच होतो. जी बाळे रडली नाहीत, हलली नाहीत, त्यांची नोंद पूर्वी 'मेलेले जन्मले' अशी होई. त्यांतल्या काहींचे हृदय चालू होते, त्यांना फक्त पहिला श्वास हवा होता.

देशातले वारेही तेव्हा बदलत होते. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, गावोगावी आशा स्वयंसेविका नेमल्या गेल्या आणि नोव्हेंबर २००८ पासून कर्नाटकात १०८ ची रुग्णवाहिका धावू लागली. घरची बाळंतपणे झपाट्याने दवाखान्यांत आली. केंद्रानेही आपले काम त्यानुसार हलवले. याच सुमारास गर्भवतींची कायमस्वरूपी नोंदणी सुरू झाली. ठरावीक गावांतल्या प्रत्येक स्त्रीची दिवस गेल्यापासून बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंतची नोंद ठेवायची, असा हा नेम. चाचण्या येतात आणि संपतात, ही नोंदवही मात्र अखंड चालू आहे.

दुसरे दशक : २०११ ते २०२०

दशकाची सुरुवात एका मान्यतेने झाली. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बाळंतपणानंतरचा रक्तस्राव रोखण्यासाठी मिसोप्रोस्टॉलचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. त्यामागच्या पुराव्यांत बेळगावची चाचणी महत्त्वाची होती.

२०१३ मध्ये बाळाला श्वास देण्याच्या साध्या प्रशिक्षणाचा बेळगाव भागातला अभ्यास प्रसिद्ध झाला. ५९९ प्रसूतिसेवकांना शिकवल्यानंतर मृतजन्मांचे प्रमाण ३ टक्क्यांवरून २.३ टक्क्यांवर आले. प्रसूतीच्या वेळीच झालेले, ताजे समजले जाणारे मृतजन्म १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर उतरले.

त्याच वर्षी एक निराशाजनक निकालही छापला गेला. सहा देशांतल्या सात ठिकाणी गावसमित्या, प्रसूतिसेवकांचे शिक्षण आणि दवाखान्यांची सुधारणा यांची एकत्रित मोहीम राबवून, सव्वा लाखाहून अधिक जन्म तपासूनही बालमृत्यूंत फरक दिसला नाही. सभा घेतल्या, तक्ते लावले, नर्सना शिकवले, तरी दवाखान्यात रक्त, भूल आणि शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर वेळेवर मिळाल्याशिवाय आकडे हलत नाहीत, हे त्यातून कळले.

त्याहून मोठा धक्का पुढेच होता. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतीची चिन्हे दिसताच आईला स्टिरॉइडची इंजेक्शने दिली, तर बाळाची फुप्फुसे लवकर पक्व होतात, हे न्यूझीलंडच्या लिगिन्स आणि हावी यांनी १९७२ मध्येच दाखवले होते. श्रीमंत देशांत हा उपचार रूढ झाला, गरीब देशांत फार थोड्या मातांना मिळत होता. तो गावपातळीवर नेला तर हजारो बाळे वाचतील, असा जगभरच्या तज्ज्ञांचा विश्वास होता. तो तपासण्यासाठी सहा देशांत 'ॲक्ट' चाचणी झाली. भारतातली तिची ठिकाणे दोन : बेळगाव आणि नागपूर. नागपूरचे काम डॉ. अर्चना पटेल यांच्या नेतृत्वाखालील लता मेडिकल रिसर्च फाउंडेशनने विदर्भातल्या खेड्यांत केले. सीमाभाग आणि विदर्भ यांची ही भागीदारी पुढच्या अनेक चाचण्यांतही टिकली.

अनेक गर्भवतींना शेवटच्या पाळीची तारीख नेमकी आठवत नाही. म्हणून नर्सकडे रंगीत पट्ट्यांची मोजटेप होती. पोटावर ती धरून गर्भाशयाची उंची कोणत्या रंगात येते ते पाहायचे, त्यावरून महिने ठरवायचे आणि चिन्हे असतील तर डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची इंजेक्शने द्यायची.

सुमारे एक लाख जन्मांनंतरचा निकाल २०१४ च्या अखेरीस 'द लॅन्सेट'ने जाहीर केला. अतिशय लहान बाळांच्या मृत्यूत घट नव्हतीच. उलट सगळी बाळे धरता उपचाराच्या गटात मृत्यूचे प्रमाण दर हजारी २७.४ होते आणि दुसऱ्या गटात २३.९. मातांमध्ये जंतुसंसर्गाचा संशयही उपचाराच्या गटात जास्त आढळला. टेपच्या अंदाजाने इंजेक्शन मिळालेल्या कितीतरी माता प्रत्यक्षात पुऱ्या दिवसांच्या निघाल्या होत्या. त्यांच्या बाळांना लाभ शून्य, धोका मात्र वाट्याला आला.

वर्षानुवर्षे राबून असा निकाल हाती येणे कोणत्याही चमूला जड जाते. पण ही चाचणी झाली नसती, तर तोच उपाय सरकारी आदेशाने लाखो घरांत पोहोचला असता आणि त्याचे नुकसान कोणाच्या ध्यानातही आले नसते. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने स्टिरॉइडसाठी अटी घातल्या : गर्भाचे वय खात्रीने ठाऊक असावे, आईला संसर्ग नसावा आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळाची काळजी घेण्याची सोय तिथे असावी. पुढे याच प्रश्नावर संघटनेने पाच देशांतल्या रुग्णालयांत 'ॲक्शन' चाचणी घेतली, तीत बेळगावचा सहभाग होता. सोनोग्राफीने वय निश्चित करून औषध दिल्यावर नवजात मृत्यूंचे प्रमाण २३.५ टक्क्यांऐवजी १९.६ टक्के आले. तेच औषध योग्य जागी आणि योग्य आईला दिल्यावर गुण देऊन गेले.

गर्भाच्या वयाचा हा धडा 'ॲस्पिरिन' चाचणीत पुरेपूर वापरला गेला. पहिलटकरणीला गर्भारपणाच्या सहाव्या ते तेराव्या आठवड्यादरम्यान सुरू करून रोज ८१ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिले, तर अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती टळतात का, हा प्रश्न होता. त्यासाठी खेड्यातल्या प्रत्येक सहभागी स्त्रीची सुरुवातीलाच सोनोग्राफी आवश्यक होती. गर्भलिंगनिदानबंदी कायद्यामुळे यंत्र, जागा आणि ते चालवणारा डॉक्टर या प्रत्येकाची नोंदणी लागते. त्या चौकटीत राहून दूरच्या तालुक्यांत ही सोय उभी करणे हेच एक स्वतंत्र काम होते. सहा देशांतल्या ११,९७६ स्त्रियांवरच्या या चाचणीचा निकाल जानेवारी २०२० मध्ये आला. अपुऱ्या दिवसांच्या प्रसूतींचे प्रमाण १३.१ टक्क्यांऐवजी ११.६ टक्के होते, आणि औषध इतके स्वस्त, की त्याचा खर्च कोणत्याही आरोग्यकेंद्राला परवडावा.

रक्तस्रावाचा मूळ प्रश्नही सुटलेला नव्हता. ऑक्सिटोसिनला थंडावा लागतो ही अडचण कायम होती. उष्णतेत टिकणाऱ्या कार्बेटोसिनची दहा देशांतली 'चॅम्पियन' चाचणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. २९,६४५ स्त्रियांमध्ये ५०० मिलिलिटर वा अधिक रक्तस्रावाचे प्रमाण कार्बेटोसिनच्या गटात १४.५ टक्के आणि ऑक्सिटोसिनच्या गटात १४.४ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच निघाले. या चाचणीच्या भारतीय केंद्रांत जेएनएमसी होते. कोलोराडो विद्यापीठासह केलेल्या 'विमेन फर्स्ट' अभ्यासात गर्भधारणेच्या आधीपासून पूरक आहार दिलेल्या मातांची बाळे जन्मतः जास्त लांबीची भरली.

याच दशकात देशातले चाचण्यांचे नियम कडक झाले. भारतीय नोंदवहीत चाचणीची आगाऊ नोंद २००९ पासून बंधनकारक होती, २०१३ मध्ये नीतिसमित्यांची नोंदणी आली आणि २०१९ मध्ये नवे औषध व चाचणी नियम लागू झाले. संमतीपत्राचा कागद वाढत गेला, पण खरी संमती कागदापेक्षा बोलण्यातून येते. सासू, नवरा आणि शेजारीण यांच्या देखत, घरातल्या भाषेत नर्सबाई सगळे समजावून सांगते, बाईला नको वाटले तर नाव काढून घेते आणि त्यामुळे तिचे उपचार थांबत नाहीत, हे तिला पटवून देते. सरकारी यंत्रणा, पंचायती आणि आशांच्या विश्वासावर हे सारे उभे राहिले.

तिसरे दशक : २०२१ पासून

कोविडच्या लाटांमध्ये गावभेटींवर मर्यादा आल्या, तरी गर्भवतींच्या नोंदी तुटू दिल्या गेल्या नाहीत. ग्लोबल नेटवर्कने गर्भवतींमधल्या कोविडचा जो अभ्यास केला, त्याला याच नोंदणीचा आधार होता.

त्याच काळात 'ए-प्लस' चाचणीही चालू होती. प्रसूतिवेदना सुरू झालेल्या स्त्रीला दोन ग्रॅम अझिथ्रोमायसिन एकदाच तोंडावाटे दिले, तर बाळंतपणानंतरचा जंतुसंसर्ग टळेल का, हे सात देशांत तपासले गेले. बेळगाव आणि नागपूर दोन्ही त्यात होते. २९,२७८ स्त्रियांच्या सहभागानंतर, मातांना होणारा लाभ स्पष्ट दिसल्यामुळे सुरक्षा समितीने भरती आधीच थांबवण्याची शिफारस केली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. औषध घेतलेल्या गटात मातांमधला गंभीर जंतुसंसर्ग किंवा मृत्यू १.६ टक्के, न घेतलेल्या गटात २.४ टक्के. बाळांना मात्र फायदा झाला नाही, तेही निकालात स्पष्ट नोंदले आहे. प्रतिजैविकाचा वापर सरसकट करावा का, त्यातून जंतू निर्ढावतील का, यावरची चर्चा अजून चालू आहे.

२०२३ सालीच मापनाच्या ड्रेपने आणखी एक टप्पा गाठला. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० रुग्णालयांमधल्या 'ई-मोटिव्ह' चाचणीत दोन लाखांहून अधिक प्रसूती तपासल्या गेल्या. खुणांच्या ड्रेपने रक्त मोजायचे आणि मर्यादा ओलांडताच ठरलेले सगळे उपचार एकदम सुरू करायचे, अशी तिची पद्धत. एरवी ५१ टक्के रक्तस्राव वेळेत ओळखले जात होते, या पद्धतीने ९३ टक्के ओळखले गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्याने होणारा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांऐवजी १.६ टक्के आले. बेळगावचे केंद्र या चाचणीत नव्हते, पण प्रसूतिकक्षात रक्त डोळ्यांनी अंदाजण्याऐवजी थैलीत मोजण्याचा आग्रह इथून दोन दशके आधी धरला गेला होता.

सध्याचे मोठे काम रक्तक्षयाचे आहे. मळमळ, बद्धकोष्ठता आणि काळी शी यांना कंटाळून लोहाच्या गोळ्या अर्धवट सोडल्या जातात, हे प्रत्येक आशाताई सांगते. मध्यम रक्तक्षयाच्या गर्भवतीला शिरेतून लोहाचा एकच डोस दिला, तर तो रोजच्या गोळ्यांपेक्षा सरस ठरेल का, हे 'रॅपिड-आयर्न' चाचणीत पाहिले गेले. थॉमस जेफरसन विद्यापीठासह २०२१ मध्ये सुरू झालेल्या या चाचणीत कर्नाटक आणि राजस्थानातल्या ४,३२० स्त्रियांचा समावेश ठरला. त्या मातांच्या मुलांची वाढ आणि बौद्धिक विकास यांचा पाठपुरावा करणारा अभ्यासही तिला जोडलेला आहे. स्टिरॉइडच्या योग्य मात्रेचा शोध घेणाऱ्या जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढच्या चाचणीतही केंद्र सहभागी आहे.

केंद्राची सुरुवात झाली, तेव्हा देशात दर लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ३०० माता दगावत होत्या आणि कर्नाटकात २२८. २०१८-२० च्या पाहणीत हे आकडे अनुक्रमे ९७ आणि ६९ झाले. रस्ते, रुग्णवाहिका, शिक्षण, आशा, सरकारी योजना आणि दवाखान्यांतली बाळंतपणे अशा अनेकांच्या श्रमाचे हे फळ आहे. संशोधनाचा त्यात असलेला वाटा वेगळा काढून दाखवता येणार नाही, आणि केंद्रानेही तसा दावा कधी केलेला नाही.

पंचवीस वर्षांच्या या कामात प्राध्यापकांची नावे शोधनिबंधांवर आली. पाकिटे मोजणारे औषधनिर्माते, माहिती संगणकात भरणारे आणि चुका शोधणारे कर्मचारी, गावोगाव फिरणारे पर्यवेक्षक, जीपचे चालक, रात्री-अपरात्री बोलावणे आल्यावर थैली घेऊन निघणाऱ्या एएनएम आणि घराघरांत पहिली ओळख करून देणाऱ्या आशा यांची नावे निबंधांत मावत नाहीत. ती केंद्राच्या हजेरीपटांत आणि दौऱ्यांच्या वह्यांत आहेत. नाव न छापता आपले गर्भारपण आणि बाळंतपण नोंदू देणाऱ्या हजारो स्त्रियांमुळेच यांतला प्रत्येक आकडा मिळाला.

पुढच्या वर्षांची कामे ठरलेली आहेत. रक्तक्षयाच्या चाचणीतल्या मुलांचा पाठपुरावा चालू राहील आणि गर्भवतींच्या नोंदणीत नवी नावे येत राहतील. तालुक्याच्या दवाखान्यांतल्या नर्सना रक्त मोजण्याचे आणि बाळाला श्वास देण्याचे प्रशिक्षण पुन्हापुन्हा द्यावे लागते, कारण बदल्या होतात आणि नव्या मुली येतात. तेही थांबणार नाही.